केळ्याची चकती आणि शिंपल्याची साक्ष

स्वयंपाकघरात रोज घडणाऱ्या ज्या गोष्टींकडे आपण नवलाने कधी पाहत नाही, त्यांपैकी एक म्हणजे चिरलेल्या फळाचे काळे पडणे. सोललेले केळे थोडा वेळ बशीत राहिले की त्याच्या पांढऱ्या गरावर तपकिरी छटा चढते. वांगे, बटाटा, सफरचंद यांचीही तीच गत होते. म्हणून गृहिणी चिरलेली वांगी लगोलग पाण्यात टाकते; त्यांना हवा लागू नये हा तिचा हेतू. हा उपाय तिला कोणा रसायनशास्त्रज्ञाने शिकविलेला नसतो. आईने मुलीला व सासूने सुनेला सांगत तो चालत आलेला असतो. परंतु त्यामागे एक निश्चित रासायनिक क्रिया आहे. अखंड केळ्यात काही द्रव्ये पेशींच्या निरनिराळ्या कप्प्यांत एकमेकांपासून अलग राहतात. सुरी फिरली की कप्पे फुटतात, ती द्रव्ये एकत्र येतात, हवेतील प्राणवायू त्यांना मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो.

ज्या क्रियेपासून गृहिणी आपली भाजी वाचवू पाहते, त्याच क्रियेला अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९८५ साली कामाला लावले. केळ्याच्या गराची पातळ चकती त्यांनी एका विद्युत उपकरणाच्या टोकाला बसविली आणि तिच्याकरवी डोपामिन नावाच्या द्रव्याचे प्रमाण मोजून दाखविले. या साधनाला त्यांनी ‘बनानाट्रोड’ असे नाव दिले. नाव ऐकून हसू येईल. पण ज्या विचारातून हे साधन निघाले तो विचार गंभीर होता. सजीवाच्या शरीराचा एक तुकडा मोजमापाचे साधन कसा बनतो, त्यात बळ कोणते व उणीव कोणती, आणि आपल्या पिण्याच्या पाण्याशी व औषधाशी त्याचा संबंध कोठे येतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

ओळखणारा आणि सांगणारा

अशा साधनाला शास्त्रीय भाषेत जीवसंवेदक म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग सजीवापासून घेतलेला. हजार पदार्थांच्या गर्दीतून नेमका एक पदार्थ ओळखणे हे त्याचे काम. दुसरा भाग निर्जीव यंत्राचा. पहिल्या भागात जो रासायनिक बदल होतो त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करून तो आकड्याने सांगणे हे त्याचे काम. पहिला मुका पण जाणता, दुसरा बोलका पण अजाण. दोघांची जोडी जमली म्हणजे साधन सिद्ध होते.

ही जोडी प्रथम सुचविण्याचे श्रेय लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जाते. रक्तातील प्राणवायू मोजण्याकरिता त्यांनी एक विद्युतअग्र तयार केले व १९५६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. प्लॅटिनमच्या टोकावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा बसविलेला असे. पडद्यातून प्राणवायू आत झिरपे, प्लॅटिनमपाशी खर्ची पडे, आणि जितका प्राणवायू अधिक तितका विजेचा प्रवाह अधिक वाहे. पुढे १९६२ साली क्लार्क व त्यांचे सहकारी लायन्स यांनी एक साधी पण दूरगामी कल्पना मांडली. या टोकावर ग्लुकोज या साखरेचे विघटन करणारे एखादे द्रव्य अडकवून ठेविले तर काय होईल? रक्तातील साखर तेथे येईल, तिचे विघटन होताना प्राणवायू खर्च होईल, तेवढा विजेचा प्रवाह कमी होईल, आणि त्या घटीवरून साखरेचे प्रमाण कळेल. १९६७ साली अपडाइक व हिक्स यांनी या तत्त्वावर चालणारे विद्युतअग्र प्रत्यक्ष तयार केले, आणि १९७५ साली साखर मोजणारे असे यंत्र बाजारात आले. आज घरोघरी मधुमेही माणूस बोटाला सुई टोचून रक्ताचा जो थेंब पट्टीवर ठेवतो, त्या पट्टीचे मूळ येथे आहे.

अबईचे पीठ आणि नऊ वर्षांचे तप

साखरेचे विघटन करणाऱ्या ज्या द्रव्याचा वर उल्लेख केला, त्या जातीच्या द्रव्यांना मराठीत विकर व इंग्रजीत एन्झाइम म्हणतात. दुधाचे चीज करण्यास लागणारे रेनेट हे विकरच. प्रत्येक विकर आपल्या ठरावीक कामात कमालीचे निष्णात असते. पण पेशीतून वेगळे काढून शुद्ध करणे महाकठीण. किती कठीण, हे जेम्स समनर यांच्या चरित्रावरून कळते.

समनर मूळचे डावखुरे. वयाच्या १७ व्या वर्षी शिकारीच्या वेळी गोळी लागल्यामुळे त्यांचा डावा हात कापावा लागला. त्यांनी उजव्या हाताला सारे नव्याने शिकविले. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेस जाऊ नये, असा सल्ला त्यांना हार्वर्ड विद्यापीठात मिळाला. तो त्यांनी मानला नाही. पुढे कॉर्नेल विद्यापीठात १९१७ साली त्यांनी युरिएज हे विकर शुद्ध करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी निवडलेली वस्तू होती जॅक बीन या शेंगेच्या बियांचे पीठ. कोकणात व गोव्यात कुंपणावर किंवा मांडवावर अबईचा जो वेल चढवितात, त्याच कुळातली ही शेंग. नऊ वर्षे झगडून १९२६ साली त्यांना युरिएजचे शुद्ध स्फटिक मिळाले. विकर हे प्रथिन असते याचा हा पहिला भक्कम पुरावा होता, आणि त्याबद्दल १९४६ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात समनर यांना वाटा मिळाला.

युरिएजचे काम म्हणजे युरियाचे विघटन करून त्यातून अमोनिया वायू सोडणे. मूत्रपिंडे थकली म्हणजे रक्तात युरिया साठतो. म्हणून वैद्याला त्याचे मोजमाप हवे असते. शुद्ध युरिएज व अमोनिया ओळखणारे विद्युतअग्र यांची जोडी केली की ते मोजमाप करता येते. येथवर सारे ठीक. पण १९८४ साली दोन संशोधकांनी एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. शुद्ध युरिएजच्या ऐवजी त्यांनी जॅक बीनचे पीठच विद्युतअग्रावर वापरले आणि त्यानेही युरिया मोजता येतो हे दाखवून दिले. ज्या पिठातून विकर वेगळे काढण्यास समनर यांना नऊ वर्षे लागली, त्याच पिठाकडे विज्ञान ५८ वर्षांनी परत आले. समनर यांचे श्रम वाया गेले असा याचा अर्थ नव्हे. पिठात नेमके काय काम करते हे त्यांनी सांगितले नसते, तर पुढच्यांना त्या पिठाची आठवणही झाली नसती.

घरातला कारागीर

शुद्ध विकर सोडून ऊतकाकडे, म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींच्या जोडलेल्या समूहाकडे वळण्याचा मार्ग प्रामुख्याने दाखविला तो गॅरी रेक्निट्झ यांनी. ते त्या वेळी अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात काम करीत होते. १९७८ साली त्यांनी गुरांच्या यकृताची चकती व युरिएज यांची सांगड घातली. यकृतातील एक विकर आर्जिनीन या द्रव्यापासून युरिया तयार करते, युरिएज त्या युरियापासून अमोनिया तयार करते, आणि विद्युतअग्र तो अमोनिया मोजते. एकाने विणावे, दुसऱ्याने रंगवावे व तिसऱ्याने मोजून घ्यावे, तसा हा प्रकार.

पुढल्याच वर्षी, १९७९ साली, त्यांच्या गटाने बाहेरच्या विकराचीही मदत घेतली नाही. डुकराच्या मूत्रपिंडाची पातळ चकती त्यांनी अमोनिया ओळखणाऱ्या विद्युतअग्रावर जाळीने घट्ट बसविली. मूत्रपिंडाच्या पेशींत ग्लुटामिन या द्रव्यातून अमोनिया मोकळा करणारे विकर भरपूर असते. त्यामुळे द्रावणात ग्लुटामिन जितके अधिक, तितका अमोनिया अधिक. हे मोजमाप निव्वळ कुतूहलापुरते नव्हते. यकृत गंभीरपणे बिघडले म्हणजे शरीरात अमोनिया साठतो, मेंदू तो ग्लुटामिनच्या रूपाने बाजूस सारू पाहतो, आणि मेंदूभोवतीच्या व पाठीच्या कण्यातील द्रवात ग्लुटामिनचे प्रमाण वाढते. म्हणून याच गटाने मूत्रपिंडाच्या चकतीने त्या द्रवातील ग्लुटामिनही मोजून दाखविले. शुद्धीवर नसलेल्या रोग्याच्या बाबतीत अशा एका आकड्याला केवढे मोल असते, हे रुग्णालयात रात्र काढलेल्या कुटुंबाला सांगावयास नको.

या प्रयोगांतून निघालेली सर्वांत बोधप्रद गोष्ट साधनाच्या आयुष्याविषयीची होती. ग्लुटामिन मोजण्यासाठी शुद्ध विकर, जिवाणू व मूत्रपिंडाचे ऊतक यांची तुलना झाली, तेव्हा शुद्ध विकर एखाद्या दिवसातच निकामी होई, तर ऊतकाची चकती सुमारे महिनाभर काम देई. याचे कारण उघड आहे. पेशी हे विकराचे घर होय. तेथे त्याला योग्य तेवढी आम्लता, योग्य ते क्षार व योग्य ते शेजारी मिळतात. कामाला लागणारी मदतनीस द्रव्ये हाताशी असतात. त्या घरातून काढून काचेच्या बाटलीत ठेविलेले विकर म्हणजे परमुलखात एकटा पडलेला कारागीर. कसब तेच, पण हात चालत नाही. रेक्निट्झ यांनी कारागिराला घराबाहेर न काढता घरासकट कामाला लावले. शिवाय खर्चही वाचला, कारण मूत्रपिंड खाटकाकडे मिळते. शुद्ध विकर फार महागाचे.

भोपळा, केळे आणि त्यांचे गुणदोष

प्राण्यांपाठोपाठ वनस्पतींची पाळी आली. १९८१ साली कुरियामा व रेक्निट्झ यांनी पिवळ्या भोपळ्याच्या जातीच्या एका फळाचा गर वापरून ग्लुटामेट हे द्रव्य मोजले. भोपळ्यातील विकर ग्लुटामेटपासून कार्बन डायऑक्साइड वायू मोकळा करते व विद्युतअग्र तो वायू मोजते. बाजारच्या तयार खाद्यपदार्थांत चवीसाठी घालतात ते अजिनोमोटो म्हणजे या ग्लुटामेटचाच एक क्षार. त्यानंतर मक्याचे दाणे, काकडीची पाने, बटाटा, पालक अशी मंडईतील एकेक वस्तू प्रयोगशाळेत दाखल झाली.

केळ्याची कथा आता समजण्यास सोपी झाली. द्रावणातील डोपामिन केळ्याच्या चकतीत शिरते. तेथील विकर प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे रूपांतर करते. तोच हा तपकिरी रंगाचा मार्ग. चकतीमागे क्लार्क यांचे प्राणवायूचे विद्युतअग्र बसविलेले असते. डोपामिन जितके अधिक, तितका प्राणवायू खर्ची पडतो व विजेचा प्रवाह उतरतो. डोपामिन हा आपल्या मेंदूतील एक महत्त्वाचा निरोप्या आहे. कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत तो निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. केळ्यात डोपामिन असते हे खरे. पण खाल्लेले डोपामिन रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही. तेव्हा केळी खाऊन कंपवात बरा होतो असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये व वैद्याचे औषध सोडू नये.

इतके गुण असूनही केळ्याचे किंवा मूत्रपिंडाचे यंत्र आपल्या दवाखान्यात का दिसत नाही? याचे उत्तर त्याच घराच्या उपमेत आहे. घरात एकच कारागीर राहत नाही. पेशीत शेकडो विकरे नांदतात, आणि आपण विचारलेल्या पदार्थाबरोबर न विचारलेल्या पदार्थांनाही ती उत्तर देतात. केळ्याच्या चकतीला डोपामिन कळते, तशी त्याची अनेक भावंडेही कळतात. कोणामुळे आकडा हलला हे ती सांगत नाही. दुसरी अडचण जाडीची. पदार्थाला चकतीत मुरावे लागते, त्यामुळे उत्तर यावयास वेळ लागतो. तिसरी अडचण अशी की एक केळे दुसऱ्यासारखे नसते. कच्चे, पिकलेले, अतिपक्व यांत विकराचे प्रमाण बदलते. चौथी अडचण प्रत्येक गृहिणीच्या परिचयाची आहे: मांस व फळ नासते. त्यावर जिवाणू वाढू नयेत म्हणून रासायनिक बंदोबस्त करावा लागतो.

याउलट साखर मोजणारे विकर काळ्या बुरशीपासून मुबलक मिळते, विकर असूनही ते पुष्कळ टिकाऊ असते, आणि ग्लुकोजखेरीज इतरांकडे सहसा पाहत नाही. म्हणून मधुमेह्याच्या पट्टीवर शुद्ध विकर टिकले व ऊतक मागे पडले. जेथे प्रश्न ‘अमुक पदार्थ किती?’ असा असतो, तेथे बहुधा शुद्ध विकराचीच सरशी होते. हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दुसरा प्रश्न

परंतु जीवनात दुसराही एक प्रश्न असतो, आणि तो अधिक निकडीचा असतो. विहिरीच्या पाण्याचा पेला मुलाच्या हाती देताना आई ‘यात अमुक द्रव्य किती?’ असे विचारीत नाही. ‘हे पाणी माझ्या बाळाला बाधेल का?’ असे ती विचारते. रसायनशाळा ज्या विषाचे नाव तिला दिले तेच शोधते. ज्याचे नाव कोणाच्या ध्यानीमनी नाही, किंवा दोन निरुपद्रवी द्रव्यांच्या मिश्रणातून जे उपजले, ते तिच्या हातून निसटू शकते. सजीव ऊतकाला नावे ठाऊक नसतात. त्याला बाधा तेवढी कळते. आधी ज्याला आपण दोष म्हटले, म्हणजे अनेक पदार्थांना एकदम प्रतिसाद देणे, तोच येथे गुण ठरतो.

या जातीचा सर्वांत जुना व प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे कोळशाच्या खाणीतील कॅनरी पक्षी. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाऊनच्या खाणीत स्फोट झाला. तेथील मृतांची तपासणी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी केली, तेव्हा बहुतेक मजूर स्फोटाच्या आघाताने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइड या वायूने दगावल्याचे त्यांना दिसून आले. या वायूला रंग नाही व वास नाही. लहान प्राण्याचा श्वास व रक्ताभिसरण जलद असल्याने माणसाआधी त्याला बाधा होते; म्हणून उंदीर किंवा कॅनरी जवळ बाळगावा, असे हॉल्डेन यांनी सुचविले. पुढे प्राणवायूची लहान नळकांडी जोडलेले पिंजरेही निघाले. पक्षी कोसळला की पिंजऱ्याचे दार लावून त्याला प्राणवायू देऊन शुद्धीवर आणीत. ब्रिटनमध्ये कॅनरीची ही चाकरी १९८६ साली संपली व त्याची जागा विद्युत उपकरणांनी घेतली.

सबंध प्राण्याऐवजी त्याचे केवळ ज्ञानेंद्रिय वापरण्याचा प्रयत्नही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. बेली व रेक्निट्झ यांनी निळ्या खेकड्याची छोटी मिशी विद्युतअग्रांना जोडली. खेकडा अन्नाचा माग या मिशीने घेतो. पाण्यात अन्नातील विशिष्ट द्रव्ये आली की तिच्या मज्जातंतूंतून विजेचे ठोके सुटतात. ते ठोके मोजून द्रव्याचे प्रमाण काढता आले. येथे विकराची रासायनिक क्रिया संपण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे उत्तर अतिशय लवकर मिळते. मात्र शरीरापासून तोडलेली मिशी फार काळ जगत नाही, आणि तिथेच या युक्तीची मर्यादा आहे.

शिंपले, पाने आणि जिवाणू

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे व्हिस्टुला नदीचे पाणी शहराला पुरविण्याच्या व्यवस्थेत आठ शिंपल्यांचा एक पहारा आहे. हे गोड्या पाण्यातील शिंपले स्वच्छ पाण्यात आपली शिंप उघडी ठेवून पाणी गाळीत असतात. पाणी बिघडले की ते शिंप मिटून घेतात. प्रत्येकाच्या शिंपेवर एक लहान साधन चिकटविलेले असते. शिंप किती उघडी आहे हे ते गणकयंत्राला सतत कळवीत असते. एखादा शिंपला आपल्या लहरीने मिटला तर कोणी गडबडत नाही. पण अनेकांनी एकदम शिंपा मिटल्या तर धोक्याची सूचना होते व पाणी रोखले जाते. सुमारे तीन महिन्यांच्या चाकरीनंतर त्यांना मोकळे करून पुन्हा पाण्यात सोडतात. रसायनशाळेतील तपासणी त्यामुळे बंद झालेली नाही. तीही चालूच असते. शिंपला ‘काहीतरी बिघडले’ एवढे सांगतो, आणि काय बिघडले हे रसायनशास्त्रज्ञ शोधतो. दोघांच्या कामाची ही योग्य वाटणी आहे.

वनस्पतींनाही अशीच पहाऱ्याची कामगिरी देता येते. हिरवे पान व शेवाळ सूर्यप्रकाश ग्रहण करतात, आणि त्यातील थोडा भाग तांबूस प्रकाशाच्या रूपाने परत टाकतात. तो डोळ्यांना दिसत नसला तरी उपकरणाला दिसतो. शेतातील तण मारण्याची अॅट्राझीन किंवा डाययुरॉन यांसारखी औषधे पाण्यात उतरली की पानाचे अन्न तयार करण्याचे काम अडते व हा परतीचा प्रकाश वाढतो. शेवाळाच्या पेशी पाण्यात ठेवून हा प्रकाश मोजला म्हणजे तणनाशकाचा सुगावा लागतो.

२०१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने पालकाच्या पानांत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या घातल्या. स्फोटकांतून जमिनीतील पाण्यात उतरलेली द्रव्ये रोपाच्या मुळांतून पानांत पोहोचली की त्या नळ्यांच्या अदृश्य प्रकाशात बदल होतो, कॅमेरा तो बदल टिपतो व त्याला जोडलेले छोटे गणकयंत्र संदेश पाठविते. पुढे ‘पालकाची भाजी पत्रे लिहू लागली’ अशा गमतीच्या बातम्या पसरल्या. पालक अर्थातच काही लिहीत नाही. जमिनीतले पाणी अहोरात्र ओढून पानापर्यंत आणणे हे आपले नित्याचे काम तो करतो. त्या कामाचा माग घेण्याची युक्ती तेवढी माणसाची.

आपल्याकडेही या दिशेने काम झाले आहे. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखण्यासाठी जिवाणूंच्या पेशींचा उपयोग केला व २००६ साली ते काम प्रसिद्ध केले. त्यांनी काचतंतूंच्या गाळणीच्या तुकड्यावर जिवाणूंच्या अखंड पेशी बसविल्या. या पेशी त्या विषाचे विघटन करून पिवळ्या रंगाचे द्रव्य तयार करतात, आणि पिवळेपणावरून विषाचे प्रमाण कळते. काम झाले की तुकडा टाकून द्यावयाचा व दुसरा घ्यावयाचा. येथेही तत्त्व रेक्निट्झ यांचेच: विकर शुद्ध करीत न बसता पेशीला तिच्या घरातच काम करू द्यावे.

साक्षीदाराचे ऋण

आता या विद्येचे पाऊल माणसाच्या स्वतःच्या ऊतकापर्यंत पोहोचले आहे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या वीस संस्थेतील डाँगउन हुह, डोनाल्ड इंगबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटाएवढ्या पारदर्शक तुकड्यात माणसाच्या फुप्फुसाचे एक छोटे प्रतिरूप उभे केले. सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूस फुप्फुसाच्या पेशी व हवा, दुसऱ्या बाजूस रक्तवाहिनीच्या पेशी व द्रव. आणि श्वास घेतल्याप्रमाणे पडद्याला नियमित ताण. त्यानंतर यकृताचीही अशी प्रतिरूपे झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचे परिणाम आधीच ठाऊक होते अशी २७ औषधे यकृताच्या प्रतिरूपांवर तपासली गेली. त्यांतील यकृताला अपाय करणारी औषधे या प्रतिरूपांनी ८७ टक्के ओळखली, आणि निरुपद्रवी औषधांपैकी एकालाही दोषी ठरविले नाही. लक्षात घेण्यासारखी बाब ही की ज्या औषधांमुळे पुढे रोग्यांना अपाय झाला, त्यांतील कित्येक प्राण्यांवरील चाचण्यांतून सुटून आली होती. उंदराचे यकृत हे माणसाचे यकृत नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत कायदा बदलला व नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीच्या जागी अशा साधनांचा पुरावा देण्यास वाट मोकळी झाली.

खाणीतल्या कॅनरीपासून येथवरचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. माणूस आपल्या जिवाच्या रक्षणासाठी इतर जिवांना पुढे करीत आला आहे. पक्षी माणसाच्या आधी विषारी हवेत गेला. त्याच्या पिंजऱ्याला प्राणवायूचे नळकांडे जोडणाऱ्याला हे ऋण जाणवले असावे. वॉर्साच्या शिंपल्याला चाकरी संपल्यावर पाणी परत मिळते. उद्या माणसाच्या पेशींच्या प्रतिरूपाने एखाद्या प्राण्याची यातना वाचविली, तर तो या विद्येचा सर्वांत मोठा लाभ ठरेल. आणि त्याच प्रतिरूपाने एखादे घातक औषध रुग्णाच्या उशापर्यंत पोहोचण्याआधी अडविले, तर त्या लाभात माणूसही वाटेकरी होईल.

आपल्या घरापुरते पाहावयाचे तर बोध साधा आहे. विहिरीतले किंवा तळ्यातले मासे एकाएकी मरून तरंगू लागले, ओढ्यातले बेडूक अचानक दिसेनासे झाले, फवारणीनंतर मधमाश्या पोळ्याखाली पडलेल्या आढळल्या, तर ही दृश्ये नजरेआड करू नयेत. कधी कारण विषाचे असेल, कधी पाण्यातील प्राणवायू घटल्याचे असेल. परंतु कारण कळेपर्यंत ते पाणी लेकरांना व गुरांना देऊ नये, आणि ग्रामपंचायतीमार्फत किंवा आरोग्य केंद्रामार्फत त्याची तपासणी करून घ्यावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात. कीटकनाशक त्याने जाईल असे मानू नये. प्रयोगशाळेतल्या संवेदकाला मोल पडते, पण ओढ्यातला बेडूक फुकट पहारा देतो. तो गप्प झाला तर का झाला, एवढे विचारण्याची तसदी आपण घेतली पाहिजे.